हात धरायच्या आधी विचार

या महिन्यात वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. ज्येष्ठांच्या मेळाव्यात व्हॉलंटिअर म्हणून जाणारी मुलं-मुली, त्यांचे शिक्षक, एक आई, आणि एक पत्र तर खुद्द एका आजोबांचं. कारण उघड आहे, १ ऑक्टोबर जवळ आलाय. संयुक्त राष्ट्रांनी १४ डिसेंबर १९९० ला हा दिवस ज्येष्ठांसाठी ठरवला आणि १९९१ पासून तो पाळतात, त्यामुळे त्या आठवड्यात कार्यक्रमांची रेलचेल असते आणि शाळा-कॉलेजांकडे "आम्हाला मुलं पाठवा" असे फोन जातात. मी स्वतः बरीच वर्षं अशा मेळाव्यांआधी मुलांची तयारी करून घेतेय म्हणून म्हटलं या वेळी सगळी पत्रं एकत्रच घेऊया. काही उत्तरं लांबलीयत, काही दोन-चार ओळींत संपलीयत.

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. माझे आजी-आजोबा मी खूप लहान असताना गेले त्यामुळे म्हाताऱ्या माणसांशी बोलायची सवयच नाहीये. मागच्या मेळाव्यात एका आजोबांच्या शेजारी बसले, "कसे आहात" विचारलं, ते "बरा आहे" म्हणाले आणि मग आम्ही दोघं गप्प. शेवटी मी मोबाईल काढला. घरी आल्यावर फार वाईट वाटलं. यांच्याशी बोलायचं तरी काय असतं?

उत्तर : वाईट वाटलं ना, मग अर्धं काम झालंय. "कसे आहात" हा प्रश्नच असा की त्याचं उत्तर एका शब्दात संपतं आणि पुढे बोलणं खुंटतं. त्याऐवजी असं विचार की ज्यावर सांगायला काहीतरी असेल, आणि शक्यतो त्यांच्या दहा ते तीस या वयातलं विचार. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना हे पुन्हापुन्हा दिसलंय की उतारवयात माणसाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लख्ख आठवतं ते याच वीसेक वर्षांतलं. पण "तुमचं तरुणपण कसं होतं हो" असं मोघम नको, बारीक विचार. पहिला पगार हातात आला त्या दिवशी काय केलंत? सायकल कोणी शिकवली? वर्गात सगळ्यात खोडकर कोण होतं? बारीक प्रश्नाला एक जागा असते, एक माणूस असतो, आणि ते आठवलं की पुढचं आपोआप येतं.

रॉबर्ट बटलर नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९६३ मध्ये लिहिलं की म्हातारी माणसं जुनं जुनं बोलत बसतात ते भरकटणं नाही, ती आयुष्याची उजळणी असते आणि त्या वयात मनाला तिची गरज असते. तोपर्यंत डॉक्टर लोकसुद्धा याला बुद्धी उतरायला लागल्याचं लक्षण समजायचे. तेव्हा तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तरी ऐकून घे, दुसऱ्यांदा सांगताना त्यात नवीन काहीतरी येतंच.

आणि सल्ला माग, पण खराखुरा. म्हणजे मैत्रिणीशी बिनसलंय, विषय निवडताना घोळ झालाय, असं जे तुझ्या डोक्यात खरंच चालू असेल ते. त्या हॉलमध्ये दिवसभर सगळे जण त्यांना काही ना काही देत असतात, त्यांच्याकडे कोणी काही मागत नाही. तू मागितलंस की त्यांची पाठ कशी ताठ होते बघ.

एक प्रश्न मात्र सुरुवातीलाच विचारू नको, "मुलं कुठे असतात, भेटायला येतात का?" आपल्याला साधा वाटतो पण तो थेट दुखऱ्या जागी लागू शकतो. त्यांनी होऊन काढला विषय तर ऐक. आणि डोळ्यात पाणी आलं तर घाईघाईने विषय बदलू नको, शांत बस, रुमाल पुढे कर, तेवढं पुरतं.

आता तुझ्या त्या आजोबांबद्दल एक शंका. ते गप्प झाले की त्यांना ऐकूच आलं नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे साठीच्या पुढच्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून जास्त जणांना रोजच्या व्यवहारात अडचण होईल इतकं कमी ऐकू येतं. आणि वयाने कमी होणारं ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही, आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ, थ असले आवाज त्या पट्टीत असतात, स्वर मात्र खालच्या पट्टीत. म्हणजे तू बोलतेयस हे त्यांना ऐकू येतं पण काय बोलतेयस ते कळत नाही. मग आपण ओरडतो, ओरडल्यावर स्वरच मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि वर चेहरा रागावल्यासारखा दिसतो. ओरडायचं नाही. समोर बसायचं, चेहऱ्यावर उजेड असेल असं, खिडकीकडे पाठ करून नाही, आवाज जरा खालच्या पट्टीत, शब्द सुटे, एका वेळी एकानेच बोलायचं. नाहीच कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगायचं.

एकदा एका मेळाव्यात एक आजोबा स्पीकरच्या बरोब्बर समोरच्या खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, नजर स्टेजकडे, चेहरा कोरा. तीन-चार मुलं येऊन काहीतरी विचारून गेली, हे नुसती मान हलवायचे, मुलं पुढे निघून जायची. मग एक मुलगी आली, त्यांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसली, रजिस्ट्रेशनचा एक कागद उलटा करून मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, "आवाज जास्त होतोय का?" त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, वाचलं, तिच्याकडे हात पुढे करून मार्कर मागितला आणि खाली लिहिलं, "हो. कानातलं मशीन बंद करून बसलोय." तिने त्यांना मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत नेलं, आजोबांनी मशीन चालू केलं आणि पुढचा पाऊण तास ते दोघं बोलत होते. म्हणून माझ्या मुलांच्या खिशात एक छोटी वही आणि जाड मार्कर असतोच.

प्रश्न : आम्हा चौघा मित्रांना "मदत करा" एवढंच सांगून गेटवर उभं केलं होतं. मी एका आजींना खुर्चीतून उठवायला दोन्ही हात धरून ओढलं तर त्या कळवळल्या, खांद्यात दुखलं म्हणाल्या. मला कोणी काही शिकवलंच नव्हतं. व्हीलचेअर, काठी, दिसत नसलेली माणसं, यांच्याशी नक्की कसं वागायचं?

उत्तर : तुझी चूक कमी आणि ज्यांनी न शिकवता गेटवर उभं केलं त्यांची जास्त, पण आता शिकूनच घे, कारण हे शिकायला फार तर तासभर लागतो.

सगळ्यात आधी विचारायचं. "मी हात देऊ का? कुठून धरू?" एवढी दोनच वाक्यं. त्यांना त्यांचं शरीर रोजचं माहीत असतं, कुठला गुडघा धोका देतो, कुठला खांदा वर जात नाही, ते त्या सांगतील. न विचारता मागून येऊन दंड पकडला तर माणूस दचकतो आणि दचकून तोल जातो, म्हणजे आपणच पाडल्यासारखं झालं.

उठवताना कधीही हात किंवा बगल धरून ओढायचं नाही. खांदा फार नाजूक सांधा आहे, त्या वयात तर जास्तच. त्यांना सांगायचं की आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरका, पावलं गुडघ्यांच्या खाली घ्या, खुर्चीच्या हातांवर जोर द्या, पुढे झुका आणि उठा. तू बाजूला उभा राहून नुसता आधार द्यायचास. म्हणूनच हात असलेल्या खुर्च्या मागवायला मी आयोजकांच्या मागे लागते, बिनहाताच्या खुर्चीतून उठणं म्हणजे त्यांना डोंगर चढण्यासारखं होतं. उठल्यावर लगेच चालायला लावू नको, मिनिटभर तिथेच उभं राहू दे. बऱ्याच जणांचं बीपी उभं राहिल्याबरोबर एकदम खाली येतं आणि डोळ्यापुढे अंधारी येते, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

काठी असेल तर काठीच्या उलट बाजूला राहायचं आणि अर्धं पाऊल मागे. काठी बरोबर धरली असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात असते, म्हणजे कमजोर बाजू तुझ्याकडे येते आणि आधार तिथेच लागतो. काठी हातातून काढून घेऊन "माझा हात धरा" म्हणायचं नाही, भरवसा त्या काठीवर असतो.

ज्यांना दिसत नाही त्यांना तू धरायचं नाहीस, त्यांनी तुला धरायचं. तुझा कोपराच्या वरचा भाग त्यांच्या हातात दे आणि अर्धं पाऊल पुढे चाल, तुझ्या अंगाच्या हालचालीवरून त्यांना वळण, उतार कळत जातो. पायरी आली की थांबून सांग, चढायची की उतरायची आणि किती आहेत. आणि निघून जाताना "मी जातोय" हे सांगून जा. नाहीतर ते बोलत राहतात आणि समोर कोणी नसतं. हे मी पाहिलंय, फार लागतं मनाला.

व्हीलचेअरचं थोडक्यात, पण हे पाठच कर. खुर्ची थांबली की दोन्ही ब्रेक. माणूस बसताना-उठताना पाय ठेवायच्या पट्ट्या वर, त्यांच्यावर पाय देऊन उठलं की खुर्ची पुढे उलटते. उतारावरून उतरताना खुर्ची उलटी फिरवायची, म्हणजे तू खाली आणि खुर्ची तुझ्याकडे पाठ करून, खांद्यावरून मागे बघत हळूहळू. सरळ नेली तर बसलेला माणूस पुढे घसरतो. उचलायची वेळ आली तर खुर्चीचे हात किंवा पायाच्या पट्ट्या धरून उचलायचं नाही, त्या निघून येतात. आणि माणसासकट जिन्यावरून उचलून न्यायच्या फंदात विद्यार्थ्यांनी पडूच नये, सरळ नाही म्हणायचं आणि मोठ्या कोणाला तरी बोलवायचं. उतार कसा आहे तेही आदल्या दिवशी बघून ठेव, साधा हिशेब १ ला १२ चा असतो, म्हणजे १५ सेंटिमीटर उंच पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांब उतार. एक छोटीशी फळी टाकून "झाला रॅम्प" म्हणतात तो रॅम्प नव्हे.

आणि बोलताना व्हीलचेअर ढकलणाऱ्याशी नाही, बसलेल्या माणसाशी बोलायचं, खाली बसून, डोळ्याला डोळा भिडेल असं.

प्रश्न : ताई, मी ७४ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. दरवर्षी अशा मेळाव्याला बोलावतात. मुलं गोड असतात, तक्रार त्यांची नाही. पण लहान बाळाशी बोलावं तसं बोलतात, गालाला हात लावतात, "टाळ्या वाजवा बघू" म्हणतात, मग रांगेत बसवून भेटवस्तू देतात आणि फोटो. घरी येताना मला माझी लाज वाटते. मी जाणं बंद करू का?

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग आमच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं. ती गप्प झाली. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं हे तुम्हालाही माहीत आहे, पण तुम्हाला जे वाटलं तेही तितकंच खरं आहे.

याला नाव आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्याच बटलर यांनी १९६९ मध्ये एजिझम हा शब्द काढला, म्हणजे निव्वळ वयावरून माणसाला कमी लेखणं. आणि कमी लेखणं दरवेळी तिरस्कारानेच होतं असं नाही, लाडानेही होतं, ते ओळखायला जास्त अवघड. बोबडं बोलणं, "आपण आता बसूया हं" असं बोलणं, हे सगळं त्यातच येतं. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांशी अशा सुरात बोललं तर ते मदत करू द्यायला जास्त विरोध करतात असंही अभ्यासात दिसलंय. म्हणजे बाकी कितीही विसरलं तरी आपल्याला लहान केलं जातंय एवढं माणसाला समजतं.

आणि याचा परिणाम फक्त मनावर होऊन थांबत नाही. अमेरिकेत बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास छापला, पन्नाशीच्या पुढच्या ६०० हून जास्त लोकांवर बरीच वर्षं लक्ष ठेवून केलेला. ज्यांचं स्वतःच्या म्हातारपणाबद्दलचं मत चांगलं होतं ते बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. मग एखाद्या मेळाव्यातून माणूस मान खाली घालून घरी जात असेल तर तो मेळावा कशासाठी भरवायचा?

तुम्ही जाणं बंद करू नका सर, पण या वेळी जायच्या आधी आयोजकांना एक फोन करा आणि सांगा की मला प्रेक्षकात बसवू नका, मला काम द्या. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसतो, मुलांना सूचना देतो, एक तास वर्ग घेतो, काहीही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एक्सपीरियन्स कोअर नावाच्या कार्यक्रमात साठीच्या पुढची माणसं प्राथमिक शाळेत जाऊन आठवड्याला १५ तास मुलांना वाचायला वगैरे मदत करायची, तिथे व्हॉलंटिअर म्हातारी माणसं आणि ज्यांना मदत मिळते ती मुलं. तुम्ही तर शिक्षकच आहात. आणि कोणी गालाला हात लावला तर तिथेच, हसून पण स्पष्ट, सांगा की बाळा, हे मला आवडत नाही. खरंच सांगते, मुलं ऐकतात, त्यांना फक्त कोणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न : मी शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडून ४० मुलं मागितलीयत, १२० च्या आसपास ज्येष्ठ येणार आहेत. मागच्या वर्षी निम्मी मुलं कोपऱ्यात घोळका करून मोबाईल बघत होती आणि शेवटी सर्टिफिकेटसाठी पुढे. नियोजन कसं करू?

उत्तर : घोळका होतो कारण कोणाचं काय काम हे ठरलेलं नसतं. "सगळ्यांनी सगळ्यांना मदत करा" म्हटलं की कोणीच कोणाला करत नाही. चाळीसमधली तीस मुलं माणसांना वाटून द्या, एका मुलाकडे चार ज्येष्ठ, शेजारीशेजारी बसणारे. त्यांची नावं पाठ, कोणाला काय लागतं ते पाठ, येताना तोच मुलगा घ्यायला आणि जाताना गाडीपर्यंत सोडायलाही तोच. उरलेल्या दहापैकी चार दारावर, दोन पाण्यावर, आणि चार टॉयलेटच्या रस्त्यावर, दोन मुलं दोन मुली. हसण्यावारी नेऊ नका. वय वाढतं तशी तहान लागल्याची जाणीव कमी होते, त्यात टॉयलेट लांब असेल, रस्ता माहीत नसेल तर माणसं मुद्दाम पाणीच पीत नाहीत, आणि मग चार तासांनी कोणाला तरी चक्कर येते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी टॉयलेट कुठे आहे ते माईकवरून सांगा आणि मुलांना दर अर्ध्या तासाने पाणी स्वतः हातात नेऊन द्यायला सांगा.

आदल्या दिवशी मुलांना तासभर बोलवा. भाषण देऊ नका, करायला लावा. एकाला व्हीलचेअरवर बसवायचं आणि मित्राने काहीही न बोलता त्याला हॉलभर फिरवायचं, कानात कापूस घालून घोषणा ऐकायची, डोळे बांधून जिना उतरायचा (सोबत माणूस ठेवून अर्थातच). दहा मिनिटांत मुलांचे चेहरे बदलतात. मी एकदा एका मुलाला विचारलं, कसं वाटलं, तर म्हणाला, "त्याने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि बोलत बसला." बस, त्याला आता काही शिकवायची गरज नाही.

हॉलचंही बघा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, त्यामुळे आपल्याला छान मंद वाटणारं लायटिंग त्यांना अंधार असतं. कार्यक्रमपत्रिका किमान १६ पॉइंटच्या अक्षरात, काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं, फिक्या रंगाच्या डिझाईनवर फिकी अक्षरं नकोत. जमिनीवरून जाणाऱ्या वायरी टेपने चिकटवा. स्पीकरचा आवाज कमी, भाषणं त्याहून कमी. आणि वेळ पाळा, खाण्याची वेळ तर पाळाच, इन्सुलिन घेऊन आलेल्या माणसाचं खाणं तासभर लांबलं तर शुगर खाली जाते. घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं अशी लक्षणं मुलांना सांगून ठेवा, शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि डॉक्टरला बोलवायचं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

सर्टिफिकेटबद्दल माझं काही म्हणणं नाही, मुलं त्यासाठी आली तरी चालतील, येऊन काय करतात ते महत्त्वाचं. नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर गावात ह्युमॅनिटास नावाचा वृद्धाश्रम आहे, तिथे कॉलेजची मुलं बिनभाड्याने राहतात आणि त्या बदल्यात महिन्याला ३० तास आजी-आजोबांबरोबर घालवतात. नर्सिंगचं काम नाही, नुसतं चांगला शेजारी व्हायचं. मुलं भाडं वाचवायलाच आली होती की! तरी मैत्र्या झाल्या.

प्रश्न : मी अकरावीत आहे. एका आजींनी माझा हात धरला आणि मला त्यांच्या मुलाच्या नावाने हाक मारायला लागल्या, सारखं विचारत होत्या आपण घरी कधी जायचं. मी म्हटलं आजी मी तुमचा मुलगा नाही, तर त्या रडायला लागल्या. निघताना म्हणाल्या, परत कधी येशील? मी "पुढच्या रविवारी" म्हणून टाकलं आणि गेलोच नाही. मला अजून झोप नीट लागत नाही.

उत्तर : बाळा, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

त्या आजींना बहुतेक डिमेन्शिया असावा. त्यात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं जास्त काळ टिकतं, म्हणून त्यांच्यासाठी मुलगा अजून तुझ्याच वयाचा असू शकतो. तू खरं सांगितलंस त्यात तुझा काही दोष नाही पण त्या क्षणी त्यांच्या हातातून मुलगा एकदम निसटला. पुढच्या वेळी खरं-खोट्याच्या वादात शिरूच नको. "मी तुमचा मुलगा" असं नाटकही करायला नको. त्यांच्या मनात जे चाललंय त्याला उत्तर दे, "तुम्हाला त्याची आठवण येतेय ना, कसा होता तो लहानपणी?" घरी जायचंय म्हणाल्या तर "घरी कोण कोण आहे, सांगा ना" असं विचार. घर म्हणजे दरवेळी एखादा पत्ताच असेल असं नाही, कधी ती फक्त भीती असते, इथे अनोळखी वाटतंय एवढंच सांगायचं असतं. हात धरू देत, हळू बोल, एका वेळी एकच गोष्ट. "मला ओळखलंत का?" असं कधीच विचारू नको, ती परीक्षा होते आणि त्यात त्या दरवेळी नापास होणार. त्याऐवजी स्वतःच नाव सांग, दरवेळी, न कंटाळता. मग सोबत आलेल्या माणसाला नक्की सांग की आजी अस्वस्थ झाल्यात.

आता तो रविवार. आपण सगळेच असं बोलून जातो, निरोप घेताना सुचत नाही म्हणून. पण त्या वयात वाट बघायला वेळ भरपूर असतो, माणसं खरंच दाराकडे बघत बसतात. म्हणून जे नक्की जमणार नाही ते बोलायचं नाही. "आज तुमच्याबरोबर छान वाटलं" एवढं म्हणता येतं आणि ते खरंही असतं. पण तुझ्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही. आयोजकांना विचार त्या कुठे राहतात, त्यांच्या घरच्यांची किंवा तिथल्या लोकांची परवानगी घे, आणि जा. त्यांना तू आठवशील की नाही ते सांगता येत नाही, नाही आठवलास तरी तुझ्याशेजारी बसून जे बरं वाटेल ते त्यांच्या मनात बराच वेळ राहतं, प्रसंग विसरला तरी भावना मागे उरते. एकट्याने नको, मित्राला घेऊन जा. पंधरा मिनिटं बस. आणि या वेळी पुढची तारीख देऊ नको.

प्रश्न : मुलीचं परीक्षेचं वर्ष आहे आणि ही दर शनिवारी ज्येष्ठांच्या कार्यक्रमाला. वेळ वाया जात नाही का?

उत्तर : ताई, शनिवारचे दोन-तीन तास असतील तर जाऊ दे. रोज होत असेल तर परीक्षेपर्यंत महिन्यातून एकदा असं तिच्याशी बोलून ठरवा, पण एकदम तोडू नका, तिकडे कोणीतरी तिची वाट बघत असेल. २०३० पर्यंत जगात दर सहा माणसांत एक साठीच्या पुढचा असणार आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. डॉक्टर होवो, इंजिनिअर होवो, बँकेत बसो, तिचं काम याच माणसांशी असणार, आणि हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

प्रश्न : कार्यक्रमात कोणी पडलं तर?

उत्तर : हे होऊ शकतं असं धरूनच चालायचं, ६५ च्या पुढच्यांपैकी साधारण २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात. पहिली उर्मी येते ती पटकन उचलायची. उचलू नका. शेजारी बसा, गर्दी हटवा, विचारा कुठे दुखतंय, डोकं आपटलं का. एक पाय आखूड वाटत असेल आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, अजिबात हलवायचं नाही, पांघरूण घाला आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर "मला काही नाही झालं" म्हणाले तरी डॉक्टरकडे न्यायचंच, रक्तस्राव आतल्या आत उशिराने होऊ शकतो. पडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त लाज वाटत असते, तेव्हा कोणी मोबाईल काढून शूटिंग करत असेल तर आधी त्याला बाहेर काढा.

प्रश्न : फोटो आणि रील टाकली तर चालते का? चांगल्या कामाचा प्रसार होतो ना.

उत्तर : आधी विचारून, काय टाकणार ते दाखवून, आणि हो म्हटलं तरच. डिमेन्शिया असलेल्या माणसाचा, रडणाऱ्याचा, घास भरवून घेणाऱ्याचा कधीच नाही. घरच्यांनी परवानगी दिली तरी नाही. त्यापेक्षा फोटोची प्रिंट काढून त्यांनाच नेऊन दे, ती उशाशी राहते.

प्रश्न : मला त्या दिवशी काय घालून जावं, काय न्यावं ते सांगा, बाकी सगळं येतं मला.

उत्तर : आवाज न करणारे, न घसरणारे बूट. नखं कापलेली, हातात टोचेल असं कडं किंवा अंगठी नको, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ होते, नुसतं घासलं तरी रक्त येतं. सेंट मारू नको, दम्याच्या माणसांना त्रास होतो. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नको, आपली चार दिवसांची सर्दी त्यांना दवाखान्यात नेऊ शकते. वही, जाड मार्कर, रुमाल, पाण्याची बाटली. आणि गळ्यात नावाचं कार्ड, फक्त पहिलं नाव, दोन हात लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, कारण दोरीतलं कार्ड फिरून उलटं होतं आणि समोरचे आजोबा बिचारे कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघून तुझं नाव आठवत बसतात.